गुणपत्रकाची पैसेवारी

जिल्हा मेळाव्याच्या विषयांत यंदा 'जिल्हा परिषद शाळेतील चाचण्या' असा एक विषय घातला आहे. कापसाचा भाव सोडून हे मध्येच काय काढले, असे काही जणांनी विचारले. विचारणे रास्त आहे. शेतीमालाला भाव मिळाल्याशिवाय गावातला कोणताच प्रश्न मुळातून सुटायचा नाही, हे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो आणि आजही तेच सांगतो. पण कापूस विकून आलेला पैसा घरातून कोणत्या वाटेने बाहेर जातो, तेही एकदा पाहू. पहिला वाटा सोसायटीचा, दुसरा कृषी केंद्रवाल्याच्या उधारीचा. आणि गेल्या काही वर्षांत तिसरा वाटा निघाला आहे तो तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या फीचा आणि सकाळी गावात येणाऱ्या पिवळ्या गाडीच्या भाड्याचा. गावात फुकटची शाळा असताना हा खर्च कशापायी? विचारले तर एकच उत्तर येते, "आपल्या शाळेत पोरं शिकत नाहीत."

त्याच शाळेचे कागद उघडून पाहा. पोरे झकास शिकत आहेत. पायाभूत चाचणी झाली, संकलित चाचणी झाली, श्रेण्या चांगल्या आहेत, नापास कोणी नाही. बाप म्हणतो पोराला वाचता येत नाही, कागद म्हणतो येते. दोघांपैकी एक तर खोटे असले पाहिजे.

कागदावरचा आकडा कसा तयार होतो, हे कोरडवाहू शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. पैसेवारी आपण पिढ्यान् पिढ्या पाहतो आहोत. पीक डोळ्यांदेखत वाळून गेलेले असते, ज्वारीच्या कणसात दाणा भरलेला नसतो आणि गावाची पैसेवारी पन्नासच्या वर निघते. पन्नासच्या आत निघाली तर सवलती द्याव्या लागतात, म्हणून ती वर निघते. पीक विम्याच्या कापणी प्रयोगाचीही तीच गत. उंबरठा उत्पन्नापेक्षा आकडा खाली गेला तर कंपनीला पैसे मोजावे लागतात. त्यामुळे कापणीच्या वेळी कोण हजर होते, प्लॉट कुठे टाकला, वजन कोणी केले, यावरून गावोगाव भांडणे होतात. शेतकरी त्यात ओरडतो तेव्हा त्याचे म्हणणे एवढेच असते की ज्याचा आकड्यात फायदा-तोटा आहे त्याच्या हातात काटा देऊ नका.

शाळेत आज काटा कोणाच्या हातात आहे? वर्षातून तीनदा राज्यस्तरावरून प्रश्नपत्रिका येतात. मुलांना बसवतात वर्गशिक्षक, देखरेख तेच करतात, पेपर तेच तपासतात आणि गुण संगणकावर तेच चढवतात. वर केंद्रप्रमुख बसले आहेत, त्यांच्या वर गटशिक्षणाधिकारी. आकडा खाली गेला तर खुलासा मागणारी नोटीस येते. वर गेला तर कोणी काही विचारत नाही. या जागी आम्ही असतो किंवा तुम्ही असतात, तर काय केले असते? एखाद्या शिक्षकाने खरे गुण भरले, तर त्याची शाळा केंद्रात शेवटची येते आणि शेजारच्या शाळेतला खोटे भरणारा सत्काराला बसतो. म्हणून शिक्षकाला चोर ठरवायला आम्ही तयार नाही. त्याला चोरी करायला लावणारी व्यवस्था उभी केली आहे, हे आमचे म्हणणे आहे.

ही व्यवस्था काही काल-परवाची नाही. इंग्लंडात १८६२ साली सरकारी नियम झाला की शाळेचे अनुदान मुलांच्या परीक्षेवर ठरेल. वर्षातून एकदा साहेब तपासायला येणार, वाचन, लेखन आणि गणित पाहणार, आणि मूल ज्या विषयात नापास होईल त्या विषयामागे दोन शिलिंग आठ पेन्स कापणार. मास्तरांनी काय केले असेल, ते सांगायला नको. वाचनाचे पुस्तक मुलांकडून अथपासून इतिपर्यंत पाठ करून घेतले. साहेबासमोर मुले घडाघडा 'वाचून' दाखवीत, आणि पुस्तक उलटे धरले तरी त्यांचे वाचन थांबत नसे. तीसेक वर्षे हा खेळ चालला आणि मग तो नियम गुंडाळावा लागला.

तो नियम इंग्लंडात चालू होता त्याच काळात, १८८२ साली, इकडे हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिले. त्यातला बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीच्या शिक्षणाचा मुद्दा सगळ्यांना माहीत आहे. सरकारी तिजोरी रयतेच्या घामावर भरते आणि शिक्षणाचा पैसा मात्र वरच्यांच्या पोरांवर खर्च होतो, हा मुद्दा तर आपल्या चळवळीच्या पायातलाच आहे. पण त्याच निवेदनात तपासणीबद्दल एक बारीक सूचना आहे, तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. साहेबाने वर्षातून एकदा येऊन काही उपयोग नाही, निदान दर तीन महिन्यांनी शाळा तपासली पाहिजे, आणि मध्येच, आगाऊ न कळवताही गेले पाहिजे, असे जोतीराव सांगतात. माळ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला शाळा तपासणीतली मेख एवढी नेमकी कळावी, यात आम्हाला नवल वाटत नाही. वाफ्यात पाणी पोचले की नाही, हे मोटेजवळ बसून कळत नाही, ते बांधावरून जाऊन पाहावे लागते.

हे गरीब देशाचे दुखणे आहे असेही कोणी समजू नये. अमेरिकेत जॉर्जिया नावाचे कापसाचे मोठे राज्य आहे, त्याची राजधानी अटलांटा. २००२ साली अमेरिकेत कायदा झाला. तिसरी ते आठवीच्या मुलांची दरवर्षी वाचनाची आणि गणिताची चाचणी घ्यायची, आणि ठरल्याप्रमाणे प्रगती न दाखवणाऱ्या सरकारी शाळांवर कारवाई करायची. अटलांटाच्या शाळांचे गुण भराभर चढले. तिथल्या शिक्षणप्रमुख बाईंना २००९ साली देशातल्या सर्वोत्कृष्ट शिक्षणप्रमुखाचा मान मिळाला. मग कोणीतरी उत्तरपत्रिकांवरच्या खोडरबराच्या खुणा मोजल्या. चुकीचे उत्तर खोडून बरोबर केलेल्या खुणा इतक्या निघाल्या की मुलांनी एवढे खोडणे शक्यच नव्हते. २०११ च्या सरकारी चौकशी अहवालात ४४ शाळा आणि १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांचा उल्लेख आला. २०१५ साली अकरा जणांना न्यायालयाने दोषी ठरवले. मोठ्यांना शिक्षा झाली, हे ठीकच. पण ज्या मुलांना वाचता येत नव्हते त्यांची नावे कागदावर पास झालेल्यांत गेली, आणि कच्च्या मुलांसाठी जी जादा शिकवणी मिळायची होती ती त्यांना मिळाली नाही. खोटा आकडा शेवटी कोणाच्या ताटातले काढून घेतो, ते यात दिसते.

आपल्या शेजारी मध्य प्रदेशात 'प्रतिभा पर्व' नावाने सरकारी शाळांची चाचणी होत असे. अभिजित सिंग या अर्थशास्त्रज्ञाने तिथल्या मुलांना स्वतंत्रपणे पुन्हा तपासले, तेव्हा सरकारी आकडे खूपच फुगलेले निघाले. आणि महाराष्ट्राचे सांगायचे तर २०२०-२१ सालच्या केंद्र सरकारच्या कामगिरी निर्देशांकात आपले राज्य एक हजारपैकी ९२८ गुण मिळवून केरळ आणि पंजाबच्या बरोबरीने पहिल्या रांगेत बसले. कोविडमुळे ज्या वर्षी आपल्या गावातल्या प्राथमिक शाळेचे कुलूप जवळजवळ उघडलेच नाही, त्या वर्षीचे हे गुण आहेत! हे कसे झाले? त्या एक हजारांची फोड पाहा. मुले काय शिकली याला १८० गुण, आणि तेही २०१७ च्या जुन्या चाचणीवरून दिलेले. कारभाराच्या पद्धतीला मात्र ३६०. म्हणजे मुलाच्या शिकण्यापेक्षा कागद नीट भरण्याला दुप्पट किंमत. पऱ्हाटीला बोंड किती लागले यापेक्षा सातबारा किती स्वच्छ अक्षरात लिहिला आहे, याला दुप्पट गुण देण्यातलाच हा प्रकार.

आमचे शिक्षण कृषी महाविद्यालयातले. तिथे पहिल्या वर्षी मातीचा नमुना घ्यायला शिकवतात. शेतात नागमोडी चालत जागा घ्यायच्या. बांधाजवळची माती घ्यायची नाही, झाडाखालची नाही, उकिरड्याच्या जागेची नाही. या जागा टाळल्या नाहीत, तर प्रयोगशाळा कितीही चांगली असली तरी अहवाल खोटा येतो आणि त्या अहवालावर टाकलेले खत वाया जाते. चाचणी हा शाळेच्या मातीचा नमुना आहे. तो कोणत्या दिवशी घेतला आणि त्या दिवशी कोण वर्गात होते, याला प्रश्नपत्रिकेइतकेच महत्त्व आहे.

आता दिल्लीहून होणाऱ्या राष्ट्रीय चाचणीच्या तारखा बघा. १३ नोव्हेंबर २०१७. १२ नोव्हेंबर २०२१. ४ डिसेंबर २०२४. कापूसवाल्याला या तारखा वाचून दाखवल्या की तो हसतो. वेचणीचा ऐन हंगाम. मजूर मिळत नाही, मिळाला तर किलोमागे मागेल तो दर द्यावा लागतो, आणि घरातली आठ-दहा वर्षांची पोर धाकट्या भावाला सांभाळायला नाही तर ओटी बांधून तासाला लागलेली असते. मराठवाड्यातली ऊसतोडीची बिऱ्हाडे तोवर कारखान्यावर पोचलेली असतात. त्यांची मुले पटावर गावात आणि प्रत्यक्षात उसाच्या फडात. चाचणी होते ती वर्गात उरलेल्यांची. त्यातही प्रश्न चार पर्यायांचे. डोळे मिटून खुणा केल्या तरी शंभरात पंचवीस बरोबर येतात, हे साधे गणित आहे. ही चाचणी नमुन्याची असते आणि बाहेरचा माणूस येऊन घेतो, तेव्हा वर्गातल्या संकलित चाचणीपेक्षा ती बरी, हे मान्य करू. पण ती बांधाजवळची माती आहे.

दुसरी मोजणी 'असर'ची. 'प्रथम' ही संस्था २००५ पासून ती करते आहे. तिची रीत शेतकऱ्याला पटण्यासारखी आहे. कार्यकर्ते शाळेत नव्हे, घरी येतात, आणि सुट्टीच्या दिवशी येतात. जिल्ह्यातली तीस गावे चिठ्ठी टाकावी तशी निवडतात, प्रत्येक गावात वीस घरे. मुलाला जवळ बसवतात आणि एक कागद पुढे ठेवतात. त्यावर अक्षरे आहेत, साधे शब्द आहेत, पहिलीचा चार ओळींचा उतारा आहे आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट आहे. मूल कुठपर्यंत वाचते ते लिहून घेतात. इथे पर्याय नाहीत, अंदाजाने खूण नाही, उलटे पुस्तक चालत नाही. २०२४ साली देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांत पाचवीच्या शंभर मुलांपैकी पंचेचाळीस मुलांना दुसरीची गोष्ट वाचता आली. २०२२ साली, कोविडनंतर, हा आकडा ३८.५ वर गेला होता. तिसरीतला आकडा २०२२ मधल्या १६.३ वरून २०२४ मध्ये २३.४ वर आला. महाराष्ट्र देशाच्या सरासरीच्या वर आहे, पण पाचवीतले सगळे वाचतात असे आपल्याकडेही नाही. पाच वर्षे शाळेत जाऊन दुसरीचे वाचता न येणे म्हणजे पाच पावसाळे पेरणी करून एकदाही दाणा घरी न येणे.

आणि पिवळ्या गाडीत मूल बसवणाऱ्यांनी हेही ऐकावे. त्याच मोजणीत खासगी शाळांतल्या पाचवीच्या शंभर मुलांपैकी चाळीसएक मुलांना ती गोष्ट वाचता आली नाही. खासगीतले मूल थोडे पुढे असते, त्यात शाळेचा वाटा किती आणि शिकलेल्या, पैसेवाल्या आईबापांचा वाटा किती, हे वेगळे काढायला लागलो तर फरक आणखी कमी होतो. सरकीच्या पाकिटावरचे चित्र पाहून बियाणे घेऊ नये, हे आपल्याला बोंडअळीने चांगले शिकवले आहे. शाळेच्या गणवेशातला टाय आणि सरकीच्या पाकिटावरचे चित्र यांत आम्हाला फार अंतर दिसत नाही.

'असर'ला एक मोठी मर्यादा आहे. जिल्ह्यात सहाशे घरे पाहून जिल्ह्याचे चित्र कळते, पण तुमच्या गावच्या शाळेचे कळत नाही. ते कळवणारा आज कोणी नाही. खात्याचा आकडा खोटा, दिल्लीचा अर्धवट आणि 'असर'चा जिल्ह्यापुरता. म्हणून गावाच्या शाळेची मोजणी गावानेच केली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. याला कोणाची परवानगी लागत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती बसवली आहे, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असल्या पाहिजेत. बहुतेक गावांत ही समिती खिचडीच्या हिशेबावर सही करण्यापुरती उरली आहे. तिने वर्षातून दोन वेळा, एकदा पोळ्याच्या सुमारास आणि एकदा सुगी संपल्यावर, दुसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाला पारावर किंवा घरी बसवून वाचायला लावावे. पुस्तकातला पाठ देऊ नये, तो पाठ असतो. वर्तमानपत्राच्या मुलांच्या पानावरची एखादी सोपी गोष्ट चालते. मग एक हातच्याची वजाबाकी आणि एक भागाकार. एका मुलाला दहा मिनिटे लागत नाहीत. वाचून घेणारा शेजारच्या गावचा असावा. आपल्या गावचा कॉलेजात जाणारा मुलगा त्यांच्या गावात आणि त्यांचा आपल्याकडे, अशी अदलाबदल केली की काटा आपोआप त्रयस्थाच्या हातात जातो.

वेळेचा मुद्दा मुद्दाम सांगतो. पऱ्हाटी उगवून आली की आठ-दहा दिवसांत आपण तासातून फिरतो आणि नांग्या भरतो. महिन्याने भरलेली नांगी झाकली जाते, हे सगळ्यांना माहीत आहे. मूल दुसरीत अक्षरावर अडकले हे ऑगस्टात कळले तर मास्तर त्याला वेगळे बसवून दिवाळीपर्यंत शब्दावर आणू शकतो. पाचवीत कळले तर ती उशिरा भरलेली नांगी आहे. सरकारी चाचणीचा मोठा दोष खोटेपणा आहेच, पण ती खरी असती तरी तिचा निकाल मूल पुढच्या वर्गात गेल्यावर हाती येतो आणि त्याचे कोणी काही करत नाही.

आता यावरची शंका. गावाने खरा आकडा काढला, तो वाईट निघाला, आणि तोच कागद दाखवून सरकारने शाळा बंद केली तर? ही भीती खरी आहे. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याच्या हालचाली सुरू झाल्या, तेव्हा अशा शाळा राज्यात पंधरा हजारांच्या आसपास असल्याचे सरकारनेच सांगितले होते. पाड्या-तांड्यावरची, कोरडवाहू वस्त्यांवरची शाळा त्यात आधी जाणार. पण नीट पाहा, त्या शाळांवर गदा आली ती मुले वाचत नाहीत म्हणून नव्हे, पट कमी म्हणून. आणि पट कमी झाला तो गावाचा शाळेवरचा भरवसा उडाला म्हणून. कागदावर शंभर टक्के प्रगती दाखवून एकही शाळा वाचलेली आम्ही पाहिली नाही. उलट, सगळे उत्तम असल्याचा कागद साहेबाच्या हातात असला की गावाच्या मागणीतली हवाच जाते. शिक्षकाची जागा रिकामी आहे? पण मुले तर 'अ' श्रेणीत आहेत! चार वर्गांना दोन शिक्षक? पण निकाल तर चांगला आहे! खोट्या पैसेवारीने दुष्काळ जसा नाहीसा होतो, तसाच हा शिक्षकांचा दुष्काळ नाहीसा केला जातो.

म्हणून आकडा वाईट निघाला तर तो घेऊन मास्तरच्या अंगावर जायचे नाही. त्याच्या हाताखाली किती वर्ग आहेत, वर्षातले किती दिवस तो मतदार याद्या, माहित्या आणि बैठका यांत गेला, हे त्याच्याकडून त्याच कागदावर लिहून घ्यायचे. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावता येत नाही, असे कायद्याचे कलम २७ सांगते. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांची नावे वेगळी काढून हंगामी वसतिगृहाची मागणी दसऱ्याच्या आत पंचायत समितीत पोचली पाहिजे. बिऱ्हाडे गेल्यावर आलेल्या मंजुरीचा उपयोग शून्य. जो शिक्षक स्वतःहून म्हणेल की माझ्या वर्गातल्या सहा मुलांना वाचता येत नाही, त्याच्या पाठीशी गावाने उभे राहायचे आणि त्याला नोटीस आली तर पंचायत समितीवर पन्नास माणसे न्यायची. एवढे झाले तर खरे गुण भरणारे शिक्षक पुष्कळ निघतील. ते आजही आहेत, एकटे पडतात म्हणून गप्प आहेत.

जिल्हा मेळाव्याला येताना प्रत्येक गावशाखेने एक साधा कागद आणावा. त्यावर दुसरी ते पाचवीची पटसंख्या, अक्षरे, शब्द, उतारा आणि गोष्ट यांपैकी कुठपर्यंत किती मुले वाचतात, किती मुलांना भागाकार येतो, शिक्षकांच्या मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती, एवढे असावे. मुलांची नावे लिहू नयेत. मोजणी करणाऱ्याचे नाव आणि गाव मात्र जरूर लिहावे. कागद दुपारच्या सत्राआधी व्यासपीठाच्या उजव्या बाजूच्या टेबलावर महिला आघाडीच्या कार्यकर्त्यांकडे द्यावेत. त्यांची बेरीज तिथेच मांडून शिक्षणाधिकाऱ्यांपुढे ठेवायची आहे.